तुमचं दुसरं वाक्य

मामाजी, मागच्या महिन्यात तुम्ही टीव्हीवर दिसलात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या खोलीत आता माझी शिवणमशीन आहे, आणि रविवारी संध्याकाळी मी लसूण सोलत बसले असताना तुम्ही समोर उभे. तेच धोतर, तहसील कचेरीत जाताना घालायचात तो पांढरा शर्ट, आणि मागे आपल्याच घराचं फाटक. सीमेवरच्या त्या लढाईवर एका हिंदी वाहिनीनं तीन भागांचा माहितीपट केला आहे. दुसऱ्या भागात, जे परत आले नाहीत त्यांची घरं दाखवली. आधी तुमच्या मुलाचा, म्हणजे ह्यांचा, फोटो आला, मग आपलं घाटंजी आलं, मग तुम्ही. तुमची नात ओरडली, "आई, आजोबा!" आजोबा तिला अंधुकच आठवतात, फोटोवरून ओळखले तिनं.

तुमचं ते वाक्य तर गावाला पाठ आहे. ह्यांना तिरंग्यात गुंडाळून घरी आणलं त्या दिवशी तुम्ही माईकसमोर म्हणालात, "अजून एक पोरगा असता तर त्यालेही धाडला असता." मी तेव्हा आत होते, बायकांच्या घोळक्यात. बाहेर तुम्ही काय बोललात ते मला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. सातवीपर्यंत शिकलेली मी, वाचायची सवय मला तुमच्या घरी येणाऱ्या पेपरानंच लावली, आणि पहिल्या पानावर आपल्या घराबद्दल पहिल्यांदा वाचलं ते हे. पुढं ते वाक्य शाळेजवळच्या ह्यांच्या अर्धपुतळ्याखाली कोरलं गेलं. दरवर्षी आषाढात ह्यांच्या पुण्यतिथीला गावातले मंडळवाले मंडप टाकायचे, तुम्ही मंचावर बसायचात, शाल-श्रीफळ घ्यायचात, आणि पाहुणे म्हणायचे, बाबा, दोन शब्द. तुम्ही तेच वाक्य म्हणायचात. टाळ्या व्हायच्या. घरी आल्यावर मात्र तुम्ही ह्यांचं नावही काढत नव्हतात. आपण दोघं एका घरात किती वर्षं राहिलो, तुम्ही ओसरीत, मी स्वयंपाकघरात, आणि मला वाटायचं तुमच्यापुरतं ते सगळं त्या एका वाक्यात संपलं आहे. प्रश्न उरलेत ते मलाच. मी मोरीत नळ सोडून रडायची. शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला एकच सांगितलंत, "त्याचा दिवस सोडजो नको." मी हो म्हटलं, आणि तुमच्या जागी मंचावर बसायला लागले.

तर टीव्हीवर तुम्ही ते वाक्य म्हणालात. आजवर बातम्यांत इथंच चित्र थांबायचं. या लोकांनी मूळ टेप कुठून तरी मिळवली आणि ती पुढं चालू ठेवली. लोक घोषणा देताहेत. तुम्ही चष्मा काढता, धोतराच्या सोग्यानं पुसता, परत घालता. माईक धरणारा हात खाली जायला लागतो आणि तुम्ही त्याला हळूच म्हणता, "साहेब, तिथं वर त्याले जेवन गरम भेटत होतं का?" तुम्ही जरा वेळ त्याच्याकडं बघत राहता. मग दुसरं गाव, दुसरं घर.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. तुमच्या नातीनं पोहे केले. आणि खरं सांगते मामाजी, मला रडू आलं नाही, उलट पाठीवरचं काहीतरी कोणी उतरवून घेतल्यासारखं झालं. हाच प्रश्न मी एकटी धरून बसले होते. बर्फात, उघड्यावर, हे काय खात असतील. विचारायचं कोणाला? तुम्हाला तर नाहीच. आणि तुम्ही तो पहिल्याच दिवशी विचारून मोकळे झाला होतात, मी भिंतीच्या पलीकडं असताना.

पण गावाला त्यात दुसरंच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येकाच्या मोबाईलवर तुम्ही फिरत होतात. नातीनं मला इंटरनेटवर तो भाग लावून दिला, आणि खाली लोकांनी लिहिलेलंही मी वाचत बसले. वाचणाऱ्या बाईला सगळं वाचावं लागतं. माहितीपट एकच. एकजण लिहितो, हा फौजेच्या बदनामीसाठी केलाय. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, ही तर सरकारची जाहिरात. एकानं समोरच्या देशाला किती मिनिटं दिली आणि आपल्याला किती, याचा हिशेब मांडला. एकानं तुम्हाला भाड्याचा म्हातारा म्हटलं. दुसऱ्यानं लिहिलं, या बाबांनी सत्तेला जाब विचारला. जाब! तुम्ही, ज्यांनी जन्मभर साहेबाला रजासुद्धा तिसऱ्या माणसाकरवी मागितली. माहितीपट थोडा कललेला आहे, नाही असं नाही. मी तिन्ही भाग पाहिले. ज्या अधिकाऱ्याचं म्हणणं त्यांना पटत होतं तो पुन्हापुन्हा येतो, ज्याचं पटत नव्हतं त्याला खोकतानाच दाखवलाय. शेवटी तर पेटीचं संगीत इतकं लावलं की बोलणाऱ्या बाईचं बोलणं ऐकू येईना. पण तुमच्या प्रश्नामागं संगीत नव्हतं. तिथं मागे आपल्या फाटकाचा आवाज येतो, ज्याला तुम्ही कधी तेल घातलं नाही.

शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "काय वं, तुहा सासरा मेल्यावरही गाव भांडवून राह्यला." मी म्हटलं, "जित्तेपनी कोनाशी बोलले नाहीत, आता भरून काढून राह्यले."

मग मंडळाचा अध्यक्ष आला. लहानपणी तुमच्या सायकलवर बसून शाळेत जायचा तो. आता कपाळावर गॉगल असतो. चहा अर्धा पिऊन त्यानं मोबाईल काढला.

"काकू, तुमाले काहीच करा नाही लागत. मी धरतो, तुमी फक्त म्हना का हा आमच्या मामाजीचा आवाज नाही. बनवलेला हाये. आजकाल सारं बनवता येते."

"पन आवाज त्याहीचाच हाये."

"ते मलेही माहीत हाये काकू. पन लोक काय समजून राह्यले? का आपल्या फौजेले जेवन भेटत नव्हतं. आपल्याच गावच्या मानसाच्या तोंडून! शोभते का हे?"

"अरे, बापानं पोराचं जेवन विचारलं. त्यात फौज कुठून आली?"

तो उठला. मग गॉगल डोळ्यावर घेत म्हणाला, "मंग यंदा मंडपाचं जमत नाही काकू. पोरं ऐकत नाहीत. पाहुने साहेबही येनार नाहीत म्हनतात."

म्हणजे ह्यांचा दिवस. तुम्ही शेवटी मागितलेली एकच गोष्ट, आणि ती माझ्या एका नाही म्हणण्यावर टांगलेली. तो गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. एकदा मनात आलं, हो म्हणून टाकावं, आवाज खोटा म्हटल्यानं तुमचं काय बिघडतं. मग वाटलं, तुम्ही उभ्या आयुष्यात सगळ्यांदेखत एकच गोष्ट स्वतःची अशी विचारलीत, आणि तीच माझ्या तोंडानं खोटी ठरवायची? नाही जमलं. दोन दिवसांनी यवतमाळहून मोटारीतून दुसऱ्या बाजूचे एक पुढारी आले, खादीचा कुडता, बोलणं गोड. "ताई, तुमच्या सासऱ्यांनी जे विचारलं तेच आम्ही विचारतोय. तुम्ही आमच्या सभेत या. जवानांची कशी उपेक्षा झाली ते तुम्ही सांगायलाच हवं." मी विचारलं, "मले काय माहीत? मी वर गेलती का?" ते हसले, म्हणाले, तुमची भावना सांगा. मी म्हटलं, भावना घरी ठेवली आहे. तेही नाराज होऊन गेले. म्हणजे ज्या माहितीपटाला एक बाजू डावा म्हणत होती आणि दुसरी उजवा, त्याच्यापायी दोन्ही बाजूंनी मला सोडलं.

त्या आठवड्यात मला एक दिवस आठवला. ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तव्यावरची भाकरी थेट तुमच्या ताटात टाकली, वरून वाफ निघत होती. तुम्ही ताट सरकवलंत. "इतकं गरम कायले वाढून राह्यली? कोन सांगतलं तुले?" असे कधी ओरडत नव्हतात. मी पदर तोंडाला लावून आत गेले. त्यानंतर तुम्ही ताट समोर ठेवून पेपर चाळायचात, आणि अन्न पार निवल्यावर जेवायचात. मला वाटायचं माझ्या हातचं तुम्हाला जात नाही. मी फोडणी बदलून पाहिली, तिखट कमी करून पाहिलं. आता वाटतं, कारण वेगळंच असेल. नसेलही. तुमची दाढ दुखत असेल. पण इतकी वर्षं मी जी बोच धरून होते ती गेली, एवढं नक्की.

पुण्यतिथीच्या सकाळी मी स्वतः पुतळा धुतला. पावसानं डोक्यावर शेवाळ धरलं होतं, नारळाच्या काथ्यानं घासलं. मंडप नाही, भोंगा नाही, मंच नाही. शाळेच्या कुंपणाजवळ नातीनं आपली सतरंजी टाकली. मनात धाकधूक होती की कोणीच आलं नाही तर तुम्हाला काय तोंड दाखवू. शेजारची म्हातारी आली, शाळेच्या बाई आल्या, बाजारात भाजी लावणाऱ्या दोघी टोपल्या बाजूला ठेवून टेकल्या. अध्यक्षाची आईही आली, "पोराले सांगजो नको," म्हणत. मी पहिल्यांदाच खाली बसले होते, सगळ्यांसारखी. मंचावरून मला कधी पुतळा दिसायचा नाही, तो पाठीमागं असायचा. या वेळी समोर होता. नाक काही ह्यांच्यासारखं नाही.

तेवढ्यात महागावकडच्या एसटीतून एक माणूस उतरला. हातात पिशवी, पाय जरा ओढत चालणारा. पुतळ्याला सलाम केला आणि विचारलं, वहिनी कोण? ह्यांच्याच तुकडीतला. आता कापसाच्या एका जिनिंगवर राखण करतो. त्यानं टीव्हीवर तुम्हाला पाहिलं होतं. मी मनात म्हटलं, आता हाही सांगणार कोणाची बाजू खरी.

तो सतरंजीच्या कडेला बसला. म्हणाला, "वहिनी, बाबायनं विचारलं होतं नं, ते सांगाले आलो. खोटं नाही बोलत. वर जेवन गरम नसे. खालून पाठीवर यायचं, हाती पडेपर्यंत गोठून जाये. पुऱ्या दगडावानी. पन चहा गरम राहे. स्टोव्हवर बर्फ टाकून तोच करे. आमच्यात चहा त्यालेच जमे."

"कोनाले? ह्याइले?"

"मंग! दुसऱ्यानं केला तर रागावे. म्हने, पत्ती जाळता तुमी."

मला हसू फुटलं. ज्या माणसानं घरी कधी पातेलं उचललं नाही, पाणीसुद्धा बसल्या जागी मागितलं, तो डोंगरावर चहाची पत्ती जळू देत नव्हता. मी हसतेय म्हणून भाजीवाल्या हसल्या, म्हातारी हसली, तोही हसला आणि डोळे पुसले. मामाजी, महिनाभर हजारो लोक भांडले की तो प्रश्न तिथं कोणी घातला, का घातला, कोणाच्या फायद्याचा. या एका माणसानं तो प्रश्न होता असं धरलं आणि उत्तर घेऊन आला. उत्तर तुम्हाला आवडलं नसतं. मलाही नाही आवडलं. पण उत्तर मिळालं.

ह्यांचा दिवस झाला. पुढच्या वर्षीही सतरंजीच टाकेन, मंडळवाले परत आले तरी.

हे लिहून झालं की चुलीत घालावं का कपाटात ठेवावं ते ठरलेलं नाही, धाडायला तर पत्ता नाही. एक मात्र सांगून टाकते. त्या कार्यक्रमवाल्यांनी कापाकापी केली असं सगळे म्हणतात, आणि केलीही असेल. मीही करते. दुपारी घरात कोणी नसलं की मोबाईलवर तुम्हाला लावते, आणि तुमचं पहिलं वाक्य आलं की बोटानं पुढं सरकवते. मला ते कधीच आवडलं नव्हतं. तुम्ही चष्मा पुसायला लागता, तिथून ऐकते.