बाबांच्या हातचा निळा

३ मार्च

कलादालनवाल्यांचा फोन. पाच मिनिटं ते फक्त निळ्यावर बोलले! "बाई, शंभर चित्रं टांगलेली असली तरी तुमचं लांबून ओळखू येतं. माणसांच्या कातडीतला तो निळसर गारवा, तीच तुमची ओळख. तुमच्या मुळांची." प्रदर्शन एक मे रोजी. विषय 'आमची माणसं'. अकरा चित्रं हवीत, दहा झाली आहेत.

फोन ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. खिडकीजवळ बसून ते काचेवर सुरीनं रंग घोटत होते. गेली चार वर्षं कातडीचा मूळ रंग तेच कालवतात. पांढरा, पिवळी माती, गेरू आणि सुरीच्या टोकावर निळा. आयुष्यभर सिनेमाचे फलक रंगवलेला हात आहे तो. मी महाविद्यालयात व्यक्तिचित्रण शिकवते, पण इतका लोण्यासारखा गोळा मला आजवर साधलेला नाही. शिवाय आई गेल्यावर त्यांना सकाळी अंथरूण सोडायला काही निमित्त हवं होतं.

दालनवाल्यांना मात्र यातलं काही सांगितलं नाही. श्रेय मुकाट्यानं खिशात घातलं. इथे लिहून ठेवते, एवढंच.

५ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाबांचा डावा डोळा तरुणपणीच गेला, कामावर चुना उडून. आता उजव्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे. डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, "आजोबा, याच महिन्यात काढून टाका. आत दाब वाढला, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

बाबा: "एक मे होऊन जाऊ द्या."

परतताना गाडीत मी चिडले. ते म्हणाले, "डोळा बदलला की रंग बदलणार. तुझं प्रदर्शन तोंडावर आलंय. आणि मी काय आंधळा झालोय का?"

"होत आलायत!"

"मग अजून दोन महिने होत राहतो."

८ मार्च, रविवार

अकरावं चित्र दादाचं. आधीची दहा आठवणीतून आणि जुन्या छायाचित्रांवरून केली. प्रत्यक्ष समोर बसणारा हाच पहिला. आल्या आल्या भिंतीवर नजर टाकून म्हणाला, "काय गं, सगळ्यांना फ्रिजमधून काढलंस की काय?" बाबा खो-खो हसले.

मग मी तेच केलं, जे वर्गात पहिल्याच तासाला शिकवते. सुरीच्या टोकावर रंग घ्यायचा, बसलेल्या माणसाच्या गालाशेजारी धरायचा, एक डोळा मिटायचा. रंग गालात विरघळला, तर बरोबर. वेगळा दिसत राहिला, तर चूक.

वेगळा दिसत राहिला! दादाच्या तांबूस गालाशेजारी तो गोळा चक्क निळा. उन्नीस-बीसचा फरक नव्हे, पुऱ्या दोन पायऱ्यांचा.

सुरी पुसून पुन्हा धरून पाहिली. दादा मात्र विचारत राहिला, "अगं, हलू का आता? नाकाला खाज सुटलीय."

९ मार्च

रात्रभर शांत झोप लागली आणि जाग आली ती उत्तरासह! नीट मांडून ठेवते.

पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात बसवलेली पिवळट काच. आता समजा, नमुना समोर ठेवून रंग जुळवला, तर काहीच बिघडत नाही. कारण गालही त्याच काचेतून दिसतो आणि रंगही; जुळलं ते जुळलं. परंतु आठवणीतून कालवलं की फसगत होते. आठवण जुनी, स्वच्छ डोळ्यानं पाहिलेली. काचेवरचा गोळा मात्र पिवळट दिसतो. मग हात आपसूक आणखी निळा घालतो आणि डोळा म्हणतो, आता झालं बरोबर! किती देखणं आहे हे! उद्या फळ्यावर काढून दाखवावं असं.

फळ्यावर काय काढणार? माझी ओळख, माझी मुळं, तो गारवा... सगळा बाबांचा मोतीबिंदू. आणि रोज मुलांना "समोर बघा, समोर बघा" म्हणून ओरडणाऱ्या मी चार वर्षांत एकदाही सुरी कुणाच्या गालाजवळ धरली नाही. गोळा तयार मिळत होता ना!

११ मार्च

सांगितलं. सांगणं भागच होतं. रंगासाठी ते डोळा पणाला लावत आहेत, तर रंगच चुकीचा आहे हे त्यांना कळायला हवं. कागदावर आकृती काढली. डोळा, काच, गोळा. बाबांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझी चित्रं मी बिघडवली?"

"तसं नाही, बाबा."

"मग सुधारली?"

त्यांनी काच कापडानं पुसली. कडाही पुसल्या, नेहमी पुसत नाहीत. "कळव डॉक्टरीणबाईंना. येतो म्हणावं."

जे हवं होतं ते झालं. मग असं का वाटतंय की मी त्यांच्या ताटातला घास काढून घेतला?

१२ मार्च

बाबा आज कामाच्या खोलीत आले नाहीत.

१५ मार्च

आईच्या चित्रातला चेहरा खरवडून काढला. मे महिन्यापर्यंत सगळीच सुधारायची, सुरुवात तिच्यापासून. मावशीला समोर बसवलं. सख्ख्या बहिणी, रंग अगदी एकच. सुरी गालाशेजारी धरून पट्टी-पट्टीनं जुळवलं. गोळा गालात असा विरघळला की सुरीवर काही आहे की नाही कळेना. मुलांना बोलावून दाखवायला हवं होतं!

संध्याकाळी मावशीनं चित्र पाहिलं. "छान झालंय हो. पण ही आपल्याकडे आलेली कुणी पाहुणी वाटते."

मलाही तेच वाटत होतं. नाक तेच, हनुवटी तीच, रंग अचूक. आई तेवढी नाही. कारण सापडत नाही. आणि जुना चेहरा आता परत येणार नाही.

१९ मार्च

शस्त्रक्रिया झाली. वीस मिनिटं! बाबा बाहेर येताच म्हणाले, "एवढ्यासाठी तुम्ही दोघींनी माझं डोकं खाल्लंत?"

२० मार्च

पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंकडे पाहून बाबा: "तुम्ही तर लहान आहात की हो!" भिंतींचा पांढरा त्यांना निळसर वाटतो आहे. अपेक्षेप्रमाणेच. तेव्हा माझी चित्रं त्यांना आता भलतीच निळी दिसणार आणि आपला हात कुठे चुकत होता, हे सांगावं न लागता कळणार. आठवडाभर त्या खोलीत नेणार नाही. हळूहळू घ्यावं.

२७ मार्च

आज बाबांनी आपणहून काच मागितली. दचकले तर सावरावं म्हणून मी जवळच उभी. पांढरा, माती, गेरू. मग सुरीच्या टोकावर निळा. तेवढाच! कणभर अधिकच.

"बाबा, आता स्वच्छ दिसतंय ना?"

"लख्ख."

"मग हा निळा?"

घोटता घोटताच म्हणाले, "तांबडं फुटायच्या आधी निघायचो आणि तुम्ही निजल्यावर यायचो. तुझी आई दाराशी यायची, तू तिच्या कडेवर, तेव्हा धड उजाडलेलंही नसायचं. उन्हात कधी सापडलात तुम्ही मला?"