फ्रिजवरचा तक्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

शी! भिंतीवर फुगे रंगवलेत! म्हाताऱ्यांची ऑपरेशनं करायची जागा की बालवाडी? ह्यांच्या हर्नियासाठी अनयने शोधून काढलेलं हे भांडुपचं सेंटर— 'खास ज्येष्ठांसाठी'. सकाळी कापायचं, संध्याकाळी घरी पाठवायचं. सूनबाईंच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं तिथेच झालं म्हणे. झालं, मग काय!

कल्पिता नावाची सिस्टर आहे. गोड बोलते. इतकं गोड की मळमळावं. "आजोबा, आता आपण वजन करू या हं!" आपण? ह्या माणसाने अठ्ठावीस वर्षं इंजिनिअरची नोकरी केली, हाताखाली चाळीस माणसं होती. आणि हे आपले हसत हसत काट्यावर चढले. मला त्याचीच जास्त चीड आली.

मग म्हणे स्मरणशक्तीची परीक्षा. तीन शब्द सांगणार, पाच मिनिटांनी विचारणार. पेरू, घंटा, चादर. ह्यांनी तिन्ही धडाधड सांगितले. मी उठले, तर माझ्याकडे वळली. "आजी, आता तुम्ही. घरी काळजी तुम्हीच घेणार ना?" म्हटलं, ऑपरेशन माझं आहे का? नाही दिली परीक्षा. तिने कागदावर काहीतरी खरडलं.

जाताना पिवळा तक्ता हातात दिला. फ्रिजवर लावायचा, गोळी दिली की लगेच चौकोनात खूण करायची. मी सांगितलं तिला— बाई गं, अंधेरीच्या औषधकंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. माल आला की नोंद, गेला की नोंद. घरी रोजनिशी आहे. मला तक्ते शिकवू नकोस.

५ फेब्रुवारी, बुधवार

अनयचा फोन. "आई, दिली असतीस ती टेस्ट तर काय बिघडलं असतं?" ठेवून दिला फोन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं. पण काय ती तऱ्हा! मागून उघडा झगा घालून ह्यांना बाकावर बसवलं. कवळी काढून प्लास्टिकच्या डबीत, डबीवर हसरा चेहरा चिकटवलेला. किळस आली मला. दात नसताना ह्यांना आजवर फक्त मी पाहिलंय. आज अख्ख्या सेंटरने पाहिलं.

चार वाजता घरी जा म्हणाले. कल्पिता समोर बसली, एकेक शब्द सावकाश. "दुखण्याची गोळी रोज दुपारी जेवणानंतर. एकच. जड गोळी आहे आजी, दोन झाल्या तर गुंगी येईल, तोल जाईल." आणि मला म्हणून दाखवायला लावलं! म्हटलं. नाक मुठीत धरून म्हटलं, कारण हे बसून बसून टेकीला आले होते.

अनय म्हणत होता, "चार दिवस बाई ठेवू." परक्या बाईने ह्यांचं अंग पुसायचं? मी आहे अजून. तक्ता मिसळणाच्या डब्याखाली घातला. तेवढाच त्याचा उपयोग.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रात्र बरी गेली. दीड वाजता वरणभात, तूप. गोळी दिली.

शेजारच्या वनमालाबाई बघायला आल्या. त्यांना सेंटरची सगळी गंमत सांगितली. कसले ते पोरकट शब्द— पेरू, घंटा, चमचा! हसून हसून पुरेवाट झाली. त्या गेल्या तेव्हा चार वाजले होते. ह्यांचं जेवण झालंय, गोळी दिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे सकाळपासून पेंगतायत. चहा अर्धा सांडला. अर्धवट बरा करून माणूस घरी पाठवायचा, वर फुगे रंगवायचे! 

दुपारी मऊ खिचडी. मग गोळी.

भांडी आवरून ह्यांच्यापाशी गेले. पाणी, गोळी. "अगं, आत्ताच दिलीस ना?" असं म्हणाले. डोळे धड उघडत नव्हते. गुंगीतल्या माणसाचं काय ऐकायचं? दिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे पडले. सकाळी सातला, बाथरूमच्या उंबऱ्याशी. कपाळावर ही एवढी खोक. मला उचलवेनात. मीही खाली बसले, डोकं मांडीवर घेतलं, आणि वनमालाबाईंना हाका मारत राहिले.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचे टाके ठीक, हाड शाबूत. कपाळाला तीन टाके. नशीब.

सेंटरला फोन लावला. वाटलं, निदान लाज वाटेल. तर कल्पिता विचारते काय— "आजी, तक्त्यावर खुणा किती झाल्यात?" डोकंच फिरलं! इथे माणूस रक्तबंबाळ, आणि हिला खुणा!

अनय बोरिवलीहून धावत आला. गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून बघत होता. "सहा होत्या ना? दोनच कशा?" म्हटलं, केमिस्टने कापलेली पट्टी दिली असेल, हल्ली सगळे चोर. त्याने पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाबांना मी घेऊन जातो. तुला एकटीला झेपत नाहीये." सत्तेचाळीस वर्षं झेपलं ते काय होतं? सोमवारी न्यायला येणार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तक्रार करणार. अशी तशी नाही, तारीखवार. गुंगी कधी, पडले कधी, फोनवर कोण काय बोललं. सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांना एक प्रत, अनयला एक. वाचू दे त्यालाही, चूक कुणाची ते.

हे जेवताना म्हणाले, "सुहास, जाऊ दे ना." जाऊ देणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पत्रात तारखा उतरवायला मागची पानं काढली.

बारा तारीख. दीड वाजता गोळी दिली. चार वाजता गोळी दिली. अक्षर माझंच. तेरा तारखेलाही दोन. ह्यांनी सांगितलं होतं, तेही मीच लिहिलंय.

आणि तिसरा शब्द चादर होता, चमचा नाही.

तक्रारीचा कागद फाडला. डब्याखालून तक्ता काढला, त्याला हळद लागलीय. फ्रिजवर लावला. खुणांची पेन्सिल ह्यांच्या हातात दिली, रोजनिशीतलं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

मग कल्पिताला फोन केला. म्हटलं, माझी परीक्षा राहिलीय. कधी येऊ?