इमरती आता एकटी राहते

प्रिय सायली,

आधी विजयाची बातमी, मग बाकीचं. इमरती काल दुपारभर घरात एकटी राहिली आणि कुणीही मेलं नाही. दार शाबूत, पडदे शाबूत, शेजारच्या द्वारकाबाईंची झोपही शाबूत. फर्दापूरच्या हॉटेलातल्या नोकरीत कायम होणार की नाही ते सोमवारी तुला साहेबांना सांगायचंय, आणि "मांजराच्या पिल्लाचं नाही जमलं तर नोकरी सोडून येते" असं तू गेल्या रविवारी डोळे पुसत म्हणाली होतीस. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. पूर्ण वाच, मग ठरव.

तू फर्दापूरला गेलीस आणि या एवढ्याशा जिवानं मला कैदेत टाकलं. कणीक मळायला घेतली की खांद्यावर, न्हाणीघरात गेले की दाराखालून पंजा. जिना उतरायला लागले की असा टाहो, की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं, सून पळाली, आता ही बाई मांजराला छळतेय. द्वारकाबाई येऊन म्हणाल्या, "नजर लागलीय वो, मीठमिरच्या उतरवा." उतरवल्या. इमरती शिंकली, मी शिंकले, टाहो चालूच.

शेवटी पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी तिला कमी आणि मलाच जास्त तपासलं. आई कधी सुटली हिची, म्हणाले. मी सांगितलं, गुलमंडीत कापडाच्या दुकानात गठ्ठ्यांमागं सापडली, डोळेही धड उघडले नव्हते, सुनेनं ड्रॉपरनं दूध पाजून जगवली. तर ते म्हणाले, ती तुझी शाल चोखते, पोटावर चढून पंजांनी तिंबते, ती खोड नाही गं. आईच्या कुशीत करायचं राहून गेलं, ते आता आपल्याकडं करून घेतेय. मग त्यांनी विचारलं, "आणि घरातून निघता कसं?" आता काय सांगणार! आपल्याकडं नुसतं कुणी निघतं का? "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं, आणि तेही एकदा म्हणून भागत नाही. उंबऱ्यात म्हणायचं, चपला घालताना म्हणायचं, विसरलेला चष्मा न्यायला परत आलं की पुन्हा म्हणायचं, उरलंसुरलं जिन्यातून. तू तर तिला उचलून, मुके घेऊन, "येते हं बाळा, रडू नको" म्हणत स्वतःच रडायचीस. डॉक्टर हसले. "लई सोहळा करता तुम्ही लोक. तिला वाटतं, एवढं रडायलेत म्हणजे हे माणूस काय परत येत नाय."

मग उलटं सुरू केलं. रागवायचं नाही, हाकलायचं नाही. निघण्याआधी दोरीला बांधलेल्या पिसामागं दमेस्तोवर पळवायची, पोटभर खायला घालायचं आणि मुकाट बाहेर पडायचं. आधी कचरा टाकून परत, मग भाजी घेऊन परत, मग त्याहून जरा लांब. आल्यावरही रडत असेल तर उचलायची नाही. गप्प झाली की मगच मांडी. पहिल्या दिवशी न बोलता उंबरा ओलांडताना माझीच जीभ वळवळली. जिन्यात कुणी नाही असं बघून हळूच "येते" म्हणून टाकलं, तेव्हा पाय उचलला. तुझी शाल मी खिडकीतल्या टोपलीत अंथरली आहे, रागावू नकोस. समोरच्या गच्चीवर पारवे भांडतात, ते ती तासन्‌तास बघते. टाहोचं रडणं झालं, रडण्याचं कुरकुरणं झालं. काल गुलमंडीला गेले, मुद्दाम काही न घेता दुकानं हिंडले आणि परत येऊन दाराला कान लावला. समोरच्या दारातून द्वारकाबाई, "आवाज नाय वो. बरी हाय ना?" मी घाईनं कुलूप उघडलं. आत बघते तर बाईसाहेब टोपलीत पाय पसरून पडलेल्या. एक डोळा उघडला, मी आहे असं पाहिलं आणि मिटून घेतला. इतका सुंदर अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

आता, हे फोनवर का नाही सांगितलं? तुझ्या नवऱ्यामुळं. फोन लागला की इंद्रजीत खेटून बसतो, आणि तुला इथली खबर तोच पुरवतो. काल संध्याकाळी तो तुला सांगत होता, "इमरती काही खात नाही, रडून घसा बसलाय तिचा, तूच बघ आता." तेव्हा ती त्याच्या पायाशी वाटी चाटून लख्ख करत होती. जेवण ज्याला जात नाही, तो इंद्रजीत आहे. वाईट नाही गं पोरगा. "करमत नाही" म्हणायला लाजतो, म्हणून मांजराच्या तोंडून बोलतो. हिला आई लवकर सुटली, याला सुटलीच नाही, एवढाच फरक. तेव्हा आजपासून त्यालाही तेच औषध. सकाळी "आई, माझे मोजे" असा पुकारा झाला. मी वाटाणे सोलत राहिले. पुन्हा पुकारा, पुन्हा वाटाणे. मग कपाट उघडल्याचा आवाज आला. दुपारी त्यानं स्वतः खिचडी टाकली. खाली लागली, पण टाकली, आणि मी दोनदा मागून खाल्ली. हा कागद चिवड्याच्या डब्यात तळाशी ठेवून तुमच्या हॉटेलच्या गाडीवाल्या कडूबाजवळ देतेय, म्हणजे इंद्रजीतच्या हाती लागणार नाही. घरात चिकटणारी दोन आहेत, त्यांना मी वळण लावते. तिसरी व्हायला तू परत येऊ नकोस. सोमवारी साहेबांसमोर उभी राहा आणि मोठ्यानं "हो" म्हण.

तुझीच,
मालन
(इंद्रजीतचीही आई, पण सध्या त्याची हाक ऐकू न येणारी)