सुई तुटल्यावरचे रविवार

बाबा, अल्लीपूरच्या आपल्या किराणा दुकानाला रविवारी दुपारी कुलूप लागायचं आणि तुम्ही आतल्या खोलीत ती एकुलती एक इंग्रजी रेकॉर्ड लावायचात. नागपुरात तुमचं कॉलेजचं पहिलंच वर्ष चालू होतं, तेव्हा आजोबा गेले. शिक्षण सोडून तुम्ही गल्ल्यावर बसायला परत आलात, ते ही रेकॉर्ड आणि प्लेअर घेऊन. असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं आहे, ते संपता संपत नाही, आणि आईचं त्यानं डोकं दुखतं म्हणून ती शेजारी जाऊन बसते. मी तुमच्याजवळ बसते. पुस्तकासारखं उघडणारं ते कव्हर आपल्या दोघांच्या मांडीवर असतं. जांभळ्या माळावर रुतलेलं जहाज, त्याच्या डोलकाठीला फुटलेली पालवी, आणि लांबवर एक पाठमोरा माणूस.

"बाबा, हा एकटाच काऊन हाय?"

"गाणं लय लांब हाय बेटा. एवढा वेळ कोण थांबते?"

मी सातवीत असताना प्लेअरची सुई तुटली. हिंगणघाटला मिळाली नाही, नागपूरच्या दुकानदारानंही मान हलवली. सगळीकडे कॅसेटी आल्या होत्या. पुढच्या रविवारी तुम्ही तरीही कव्हर उघडून बसलात. बऱ्याच वेळानं उठलात, मुक्या प्लेअरवरची रेकॉर्ड उलटी केलीत आणि परत येऊन बसलात.

"बाबा, आवाज तर येऊनच नाई राह्यला."

"मले येते," तुम्ही म्हणालात.

पुढे एका दिवाळीला मी पुण्याहून त्याच गाण्याची सीडी आणली, वाजवायच्या यंत्रासकट. कव्हर तळहाताएवढं. तुम्ही चष्मा लावून त्यात तो माणूस शोधलात. गाणं सुरू झालं तसे डोळे मिटलेत, आणि थोड्याच वेळात उघडलेत. बाजारात ओळखीचा समजून कुणाला हाक मारावी आणि भलत्याच माणसानं वळून पाहावं, तसा तुमचा चेहरा झाला होता.

"काय झालं बाबा?"

"काई नाई. माह्यंवालं जरा हळू होतं." मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणालात, "पण चांगलं हाय. इतक्या दुरून आणलं तू."

ती सीडी तुम्ही पुन्हा लावली नाहीत, असं तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ते गाणं मला कधीच आवडलं नाही, बाबा. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असेल, असं हल्ली वाटतं.