घसा बसला तेव्हा

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

तुम्ही तुमच्या वर्गात दरडावायचात, तशीच मी सहावीला दरडावत होते. वर्ग चिडीचूप असायचा, पण कोणी काही विचारायचं नाही. मागच्या सोमवारी घसा पार बसला. कुजबुजत शिकवायला लागले, तशी मुलांनी बाकं पुढे ओढली. कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, मला अपूर्णांक पहिल्यापासूनच कळले नाहीत." मग आणखी अकरा हात वर झाले.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोर्शन मागे पडलाय. मुख्याध्यापिका नाराज आहेत, आणि मला कायम करणं त्यांच्याच हातात आहे.

आईचा गुडघा कसा आहे? काळजी करू नको म्हणावं तिला. घसा चार दिवसांपूर्वीच मोकळा झालाय. वर्गाला मात्र अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
धाकटी