शपथेबाहेरचं नाव

९ ऑक्टोबर १९६४

त्याला नाव हवं होतं. दिलं मी!

शाळा सुटताना वर्तमानपत्राचा माणूस फाटकाशी उभा. झाडीत दगडांचं रिंगण आणि जळक्या मेणबत्त्या सापडल्या म्हणे. गावात चेटकिणी जमतात, तुम्ही त्यातल्या का? — हसत हसतच विचारलं त्याने, पण हेडमास्तर माझ्या मागेच होते. इंग्लंडातला चेटकाविरुद्धचा कायदा उठून तेरा वर्षं झाली, नोकरी मात्र अजूनही जाते. तोंडातून निघून गेलं — डल्सी पास्कबाईंना विचारा, त्या पाल्याची औषधं देतात.

पास्कबाई! दर रविवारी चर्चच्या वेदीवर फुलं मांडणाऱ्या. विक्का हे आमच्या पंथाचं नावही त्यांनी ऐकलं नसेल. आमच्या मंडळाशी त्यांचा काय संबंध?

१३ ऑक्टोबर

छापून आलं. फोटोसकट. पास्कबाई कोंबड्यांना दाणे टाकतायत, आणि वर आमच्या परगण्याचं नाव घालून मथळा — सफकची चेटकीण.

१४ ऑक्टोबर

ईनिडच्या लोकरीच्या दुकानात गेले. आमच्या मंडळाची मुख्य तीच. सगळं सांगितलं. लोकर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आपल्यातल्या कुणाचं नाव घेतलंस का? नाही ना? मग तुझी शपथ शाबूत आहे."

आणि मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. चहाबरोबर केकही खाल्ला.

१८ ऑक्टोबर

चर्च. शाळा चर्चचीच, जावंच लागतं. फुलांचं काम पाद्रीबाबांनी दुसऱ्या बाईला दिलंय. पास्कबाईंना कुणी कळवलंच नव्हतं. घरची शेवंती घेऊन आल्या होत्या. ती मांडीवर धरून शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. शेजारी कुणी बसलं नाही. मीही नाही.

२३ ऑक्टोबर

त्यांची अंडी आता कुणी घेत नाही. काल खिडकीवर दगड पडला. माझ्याच वर्गातली पोरं! कोणत्या तोंडाने रागवू त्यांना?

३१ ऑक्टोबर

मेलेल्यांची आठवण काढायची संध्याकाळ. झाडीत जायची सोय उरली नाही, म्हणून ईनिडच्या मागच्या खोलीत रिंगण धरलं. दरवर्षी आम्ही आपल्या भागात पूर्वी चेटकीण ठरवून फासावर दिलेल्या बायकांची नावं वाचतो. यंदा पाळी माझी. थोडी वाचली आणि कागद खाली ठेवला. यातली एक तरी खरी चेटकीण होती का? मी विचारलं — यांची नावं कुणी दिली होती?

"शेजाऱ्यांनी," ईनिड म्हणाली. "वाच पुढे."

नाही वाचलं. निरोप न घेता रिंगण ओलांडायचं नसतं. ओलांडलं आणि घरी आले. शपथ शाबूत म्हणे! माझ्यासारख्या भित्रीने ती पाळली काय अन् मोडली काय.

१ नोव्हेंबर

पास्कबाईंकडे गेले. दारातच सांगून टाकलं — नाव मी दिलं. त्या झाडीतली मीच. उद्या हेडमास्तरांनाही सांगणार आहे. पास्कबाईंनी एप्रनला हात पुसले. ठाऊक आहे म्हणाल्या. आमच्या मेणबत्त्या त्यांच्या खुराड्यापासून दिसतात. मग म्हणाल्या, "तो पेपरवाला आधी माझ्याकडेच आला होता गं, पोरी. झाडीत कोण येतं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बाबा, मला या वयात लांबचं काही दिसत नाही."