पोरीची गुलाबी खोली

आई, मी पोरीची खोली गुलाबी रंगवली आहे. फिकट नाही, चांगली गुलाबी. रंगारी म्हणाला, "ताई, एक भिंत गुलाबी करा, बाकीच्या पांढऱ्या ठेवा, आजकाल तसंच चालते." मी म्हटलं, चारही करा. खिडकीला दुहेरी पडदे आहेत, आत पांढऱ्या जाळीचा आणि बाहेर बारीक फुलांचा, त्याला खाली झालर. पलंगावर नव्या कापसाची जाड गादी, तिच्यावर मऊ रजई, आणि उशा इतक्या की निजायचं तर आधी त्या उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. आरशाच्या कडेनं बारीक पिवळ्या दिव्यांची माळ आहे. तुला यातलं काहीच आवडलं नसतं. दारातच उभी राहून पदराला हात पुसत तू म्हणाली असतीस, "हे काय मांडून ठेवलं वं?" आणि आत पाऊल टाकलं नसतंस. म्हणून आधीच सांगते, मी विचारत नाहीये. तू असतीस तरी विचारलं नसतं.

ही पोरगी तू पाहिली नाहीस. ती माझ्या पोटची नाही, दत्तक घेतलेली आहे. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, आता मूल होणार नाही हे आम्ही दोघांनीही मान्य केल्यावर, ती आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरीच्या घरात आली. आली तेव्हा आठ वर्षांची होती, त्याआधी बालगृहात वाढलेली. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच लिहायला बसले. पण तुला लिहायचं तर हिंगणघाटच्या चक्कीतून गेल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

पुढं चक्की, मागं आपली एक खोली. बाबा गेले तेव्हा मी मांडीवरची होते, आणि लोकांनी तुला चक्की विकायचा सल्ला दिला होता, हे तूच सांगायचीस. तू विकली नाहीस. सहा-सात वर्षांची असेन मी. तू मला दारात पाटावर बसवतेस, माझी मान खाली दाबतेस आणि कात्रीनं केस कानाच्या वर कापतेस. मी रडते, तरी तू कात्री थांबवत नाहीस. "चक्कीच्या पट्ट्यात येक डाव केस गेले ना, तं टाळूसगट जातात. समजलं?" तसं कुठंतरी झालेलं तू पाहिलं होतंस, पूर्ण कधी सांगितलं नाहीस. मला दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या अर्ध्या चड्ड्या आणि शर्ट. दळण घेऊन आलेलं कोणी विचारायचं, "हा पोरगा कोनाचा?" तू पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून सांगायचीस, "माह्याच!" आणि मला ते दुरुस्त करायची मुभा नव्हती. आपलं गाव कापसाचं. हंगामात रस्त्याच्या कडेनं कापूस पडलेला असायचा, जिनिंगच्या भिंतींना चिकटलेला, बाभळींच्या काट्यांना अडकलेला. आणि आपण निजायचो ते लाकडी तखतावर, बारदान्यावर एक चादर टाकून. गादी परवडत नव्हती असंही नाही. तुला ती नको होती.

एका उन्हाळ्यात मावशी आली आणि माझ्यासाठी उशी घेऊन आली. गुलाबी साटीनची, चारी बाजूंनी झालर लावलेली. मी ती दुपारभर मांडीवर घेऊन बसले. डोकं ठेवलं नाही, पिठाचं डोकं होतं ना. संध्याकाळी शेजारणीकडे बारसं होतं. तू आलीस, माझ्या मांडीवरून उशी उचललीस आणि तिथं देऊन आलीस. मावशीसमोर. मी तोंड दाबून रडायला लागले तर तू म्हणालीस, "रडून काऊन राह्यली? उशीनं का पोट भरते?" मावशी चिडली, म्हणाली, "लेकरू हाये ते, बाई." तेव्हाचं तुझं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तू जाशीन उद्या आपल्या घरी. मी अन् हे, आमी दोघी राहू इथं. आपन नरम दिसलो का लोकं दाबून पाह्यतात." मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते आहे.

तू खोटं बोलत नव्हतीस, हे मला माहीत आहे. दिवसभर माणसं यायची, त्यातली काही दळणासाठी येत नव्हती. तुझा आवाज, तुझे पिठानं पांढरे झालेले हात आणि माझे कापलेले केस, या सगळ्याचं तू कुंपण केलं होतंस. चक्की बिघडली की तू मला सोबत घेऊन ती खोलायचीस. मोटारीची वायर कशी पाहायची, करंट कुठं मरतो, हे मी तुझ्याकडून शिकले. दहावी झाले तेव्हा तू मला घड्याळ दिलंस, मोठ्या डायलचं, पुरुषी. "जनानी घड्याळं नुसती दाखवाले असतात," म्हणालीस. त्या सगळ्यावर मी विजेच्या खात्यात नोकरीला लागले, आज खांबावर चढणाऱ्या माणसांना खालून सूचना देते आणि ती ऐकतात. हे मी नाकारत नाही. पण तू मला एवढं दिलंस म्हणून ती उशी देऊन टाकली ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. त्या दोन गोष्टी मला एकत्र बांधायच्या नाहीत. आपल्याला कुंपण लागत होतं. उशी काही कुंपणाच्या आड येत नव्हती.

आता पोरीचं ऐक. ती आली तेव्हा तिची एक पिशवी होती. ती तिनं हॉलच्या दाराजवळ ठेवली, आणि निजायलाही तिथंच चटई टाकून घेतली. आम्ही खोली दाखवली, तेव्हा ती नुसती पांढरी, रिकामी खोली होती. तिनं मान हलवली आणि परत दाराजवळ येऊन बसली. काहीही विचारा, उत्तर एकच. भाजी कोणती करू? "कोनतीबी चालते." फ्रॉक कोणता घ्यायचा? "कोनताबी चालते." माझ्या नवऱ्याला वाटायचं, किती समजूतदार लेकरू आहे. मला तिचं ते "चालते" ऐकवत नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला सगळं चालत नसतं, आई. तिला सांगून सांगून चालवून घ्यायला लावलेलं असतं.

मग एकदा वर्ध्याच्या बाजारात मी स्वयंपाकघरासाठी पडद्याचं कापड पाहत होते. ती बाजूला उभी होती. पाहते तर एका ताग्याच्या टोकावर ती दोन बोटं फिरवत होती, फुलाफुलांचं, गुलाबी कापड. दुकानातला मुलगा म्हणाला, "हात नको लावू बेटा." तिनं दोन्ही हात झटकन पाठीमागं नेले. मी त्याला म्हटलं, "तोच तागा खाली घ्या." स्वयंपाकघराचं कापड तसंच राहिलं. घरी येताना ऑटोत मी विचारलं, "खोलीले रंग कोनता देऊ?" ती बाहेर पाहत राहिली. मला वाटलं, आता "चालते" म्हणेल. कितीतरी वेळानं ती पुटपुटली, "गुलाबी." आणि लगेच, घाबरून, "पन गुलाबी लय लवकर मळते."

कोणी सांगितलं असेल तिला हे? कोणीतरी सांगितलंच असेल. मी म्हटलं, "मळू दे. धुवू. नाई तं अजून लावू." आणि खरं सांगते, ते मी तिला कमी आणि तुला जास्त म्हटलं होतं.

त्या महिन्यात मी घरात कोणाचंच ऐकलं नाही. गादीवाल्याला सांगितलं, जुना कापूस पिंजून घालशील तर गादी परत पाठवीन. झालर मी स्वतः शिवली, वाकडी झाली, उसवून पुन्हा शिवली. दिव्यांच्या माळेचं वायरिंग मी केलं, तू शिकवलंस तसं, जोड उघडा न ठेवता. ती शाळेतून आली तेव्हा सगळं लावून झालं होतं. उंबऱ्यावर थांबली. "इथं कोन निजते?"

"तू."

"अन् आनखी कोन?"

"कोनी नाई. तुयीच खोली. भेव वाटलं तं आमी समोरच हावो."

ती भिंतीकडेनं फिरली, कशाला हात न लावता. मग दारापाशी येऊन दार मागंपुढं केलं आणि म्हणाली, "याले आतून कडी नाई." आल्यापासून पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं. नवरा कचरला, "अन् आत अडकून बसली तं?" मी म्हटलं, बाहेरून पेचकसानं उघडता येईल अशी लावू. तेव्हाच बाजारातून आणली, तिच्या हाताच्या उंचीवर बसवली. शेवटचा स्क्रू घट्ट झाला आणि पोरीनं माझ्या तोंडावर दार लावून कडी घातली. मी पेचकस हातात घेऊन बाहेर उभी. मग धप्प. परत धप्प. गादीवर उड्या मारून राहिली होती. आई, माझ्या तोंडावर लागलेलं ते दार मला जन्मात मिळालेल्या कुठल्याही मानापेक्षा मोठं वाटलं.

दिवाळीला नणंद आली, नवऱ्यासोबत. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण, मनानं वाईट नाही, पण माहेरी आली की घर ताब्यात घेते. पिशव्या ठेवल्या आणि म्हणाली, "आमाले ती खोली दे. गादी चांगली दिसून राह्यली." मी म्हटलं, "ताई, ती पोरीची हाये. तुमी आमच्या खोलीत निजा, आमी हॉलमध्ये टाकतो."

"लेकरू हाये ते! लेकराले कुठंबी टाकलं का झोप येते. अन् हिले तं सवयच हाये."

नवरा खाली पाहायला लागला. आत पोरगी होती, दार लावलेलं, पण आमची दारं पातळ आहेत. मी म्हटलं, "सवय हाये म्हनूनच नाई देत." माझा आवाज चढला. तुझा आवाज होता तो, पट्ट्यावरून ऐकू जाणारा. नणंदही चढली, "येवढं लाडावून ठेवशीन तं उद्या सासरी कसं होईन तिचं?" मी म्हटलं, "ती सासरी नाई. ती आपल्या घरी हाये."

कडी वाजली. पोरगी बाहेर आली, एक उशी पोटाशी धरून. माझ्या मनात आलं, आता हे लेकरू "चालते" म्हणेल आणि सगळ्यांना सोपं करून टाकेल. "आत्या, तुमी येऊन पाहा खोली," ती म्हणाली. "पन निजाचं नाई. ते माह्यं हाये."

नणंद "बाप्पा!" म्हणून हसली, उठली आणि खरंच आत गेली. पलंगाच्या कडेवर बसून तिनं गादी हातानं दाबून पाहिली, झालरीवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला होता. "आमाले या घरात सतरंजीबी तिघी बहिनीत येक होती," ती पोरीला म्हणाली, मला नाही. त्या दिवाळीत ती आमच्या खोलीत निजली आणि जाताना पोरीसाठी केसांच्या रिबिनी ठेवून गेली. पोरीचे केस आता खांद्याच्या खाली आलेत. मी कापत नाही.

तू म्हणशील, नरम होईल. होऊ दे. पाहा, तुझी नात कशी कणखर निघाली, असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. निघेल, नाहीतर नाही निघणार. ती खोली कशाची तयारी नाही, बक्षीस नाही, औषधही नाही. एका मुलीला गुलाबी रंग आवडतो आणि मऊ अंथरूण आवडतं, त्याला एवढं कारण पुरे आहे. मला ते कारण पुरे आहे हे कळायला चाळिशी उलटावी लागली, तिला इतकं थांबायला लागू नये.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. जपूनही ठेवणार नाही. पोरीला मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला आवडतं, तिच्याकडे जातील. एकच सांगायचं राहिलं. शनिवारी दुपारी ती शेजारी खेळायला जाते तेव्हा मी तिच्या पलंगावर पडते. तिला विचारून. "पाय धुवून निजजो," म्हणते ती. मागच्या शनिवारी ती मधेच परत आली, दारात थांबली, मग पावलं न वाजवता आत येऊन तिनं खिडकीचा पडदा ओढला, माझ्या डोळ्यांवरचं ऊन घालवलं आणि निघून गेली. तिला वाटलं, मी झोपले आहे. मी जागी होते, आई. आणि तरी उठले नाही.